बायनाबाईची तीन लुगडी

हिरडटोल्यात रानडुक्कर सगळ्यांच्याच धानात शिरायचं, पण नथ्थूच्या बांधीत, म्हणजे भाताच्या वाफ्यात, शिरलेलं डुक्कर कधी पाच मणाच्या खाली भरलं नाही. एका डुकरिणीनं तर म्हणे जाता जाता धुऱ्यावरची, शेताच्या बांधावरची, निळी साडी डोक्यावर घेतली, पदर सारखा केला आणि पिल्लांना पुढं घालून नाल्याकडं गेली. हे नथ्थूनं पानठेल्यावर शपथेवर सांगितलं होतं. शपथ शेजारच्या मुखरूच्या म्हशीची घेतली होती, कारण त्याच्या स्वतःकडं म्हैस नव्हती.

डुकरिणीचं सोडा, साडी मात्र खरी होती. धान पिवळं पडायला लागलं की हिरडटोल्यातले लोक बांध्यांभोवती खुंट्या ठोकतात आणि जुन्या साड्या आडव्या ताणून बांधतात. वाऱ्यानं साडी हलली की डुकराला वाटतं, कोणीतरी उभं आहे. लांबून पाहिलं तर सगळं शिवार लग्नघरासारखं दिसतं. नथ्थूनंही नागभीडच्या बाजारातून साड्यांचा एक गठ्ठा आणून बांधला होता. पण या साली मुखरूनं कुंपणाच्या तारेत वीज सोडणारी झटका-मशीन बसवली. एकदा नाकाला चटका बसल्यावर डुकरांनी मुखरूचा धुरा सोडला आणि सगळा कळप नथ्थूकडं वळला. चार बांध्यांतली जंगलाकडची बांधी एका आठवड्यात अशी झाली, जशी कोणी त्यात कुस्ती खेळून गेलं.

सकाळी नथ्थू धुऱ्यावर उकिडवा बसून लोळवलेलं धान हातानं उभं करून पाहत होता. ते काही उभं राहत नव्हतं. मुखरू तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत आला.

"किती गेलं गा?"

"एवढं गेलं." नथ्थूनं हात पसरले, मग आणखी पसरले. "साड्याले भेतच नाई आता. सगळ्या साड्या साबणाच्या वासाच्या. कपड्याले माणसाचा वास पाह्यजे, माणसाचा. तवाच डुक्कर थांबते."

"मंग तुही बनियन बांध."

"बांधली होती."

"अन्?"

"तिथूनच शिरले."

मुखरूला खर्रा थुंकावा लागला, इतका तो हसला. "तुह्या वासानं त्याईले घरचा माणूस भेटला असन गा!"

नथ्थूही हसला. हसायलाच पाहिजे होतं. पण घरी येताना त्याच्या डोक्यात एवढंच होतं, की धान हातात यायला वीस दिवस आहेत, घरात वर्षाचं खाणं तेवढंच आहे, आणि पोरगी बाळंतपणाला यायची आहे.

त्याची बायको आशाबाई दुसऱ्यांच्या हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाच्या कापणीवर जात होती. घरी आली की आधी भिंतीला पाठ लावून बसायची आणि पाय लांब करायची. बोटांवर पात्यांचे बारीक चरे पडलेले. नथ्थूनं तिला पाण्याचा गडवा दिला. त्यावरूनच तिनं ओळखलं, की काहीतरी मागायचं आहे.

"तुह्या अंगावरची एखादी जुनी साडी दे ना वो. न धुतलेली."

"अन् मी काय गुंडाळू? तुमचा दुपट्टा?"

"दुसरी कोणती असन."

"न धुता ठेवाले मी काय आळशी हाव? रोजची रोज धुतो मी." तिनं पाणी पिऊन गडवा खाली ठेवला आणि त्याची नजर कुठं गेली ते पाहिलं. "तिकडं नका पाहू."

"मी कुठी पाह्यलो?"

"आड्याकडं पाह्यले."

छपराच्या आड्याला दोरीनं टांगलेलं एक गाठोडं होतं. त्यात आशाबाईच्या आईची, बायनाबाईची, तीन लुगडी होती. बायनाबाईला मुलगा नव्हता. नवरा गेल्यावर ती लेकीकडं आली आणि चौदा वर्षं इथंच राहिली. आशाबाई रोवण्याला, कापणीला जायची तेव्हा तान्ह्या पोरीला, दिव्यानीला, पाठीशी बांधून बायनाबाईच अंगणात फिरायची. दिव्यानी त्या लुगड्यांतच मोठी झाली. चार वर्षांपूर्वी म्हातारी गेली तेव्हा बाकीचे कपडे रीतीप्रमाणे स्मशानाकडं गेले. ही तीन लुगडी आशाबाईनं मागं ठेवली. धुतली मात्र नाहीत. जवसाचं तेल, चुलीचा धूर आणि तंबाखू असा बायनाबाईचा सगळा वास त्यात तसाच होता. कधी फार थकली की आशाबाई गाठोडं खाली काढायची, गाठ सैल करायची, तोंड आत घालायची आणि पुन्हा टांगून द्यायची. नथ्थूनं हे दोनतीनदा पाहिलं होतं. पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

आता दिव्यानी सातव्या महिन्यात होती. नवरा रोशन गडचांदूरला सिमेंटच्या कामावर. पहिलं बाळंतपण माहेरचं. लेकराला बारशापर्यंत नवं कापड लावायचं नाही, जुन्यातच ठेवायचं, ही रीत होतीच, पण दिव्यानीनं फोनवर स्वतःच सांगितलं होतं, "आई, आजीच्या लुगड्याची गोधडी शिव. अन् धुवू नको. माह्या लेकराले आजीचा वास पाह्यजे."

"अवो, तान्ह्या लेकराले असं न धुतलेलं चालते का?"

"मंग आत टाक. वरून-खालून धुतलेल्या साड्या, मधी आजी."

आशाबाई हे पाण्याच्या बोरिंगवर चार बायांना सांगून आली होती. वरून-खालून साड्या, मधी आजी. धान घरात आलं की शिवायला बसायचं ठरलं होतं. दोराही आणून ठेवला होता, लाल.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आशाबाई कामावर असताना, नथ्थूनं पाटावर चढून गाठोडं खाली घेतलं.

पहिलं लुगडं हिरवं, लाल काठाचं. दुसरं जांभळ्या रंगाचं, मांडीच्या जागी झिजून जाळी झालेलं. तिसरं बारीक चौकड्यांचं, पदराला बायनाबाईनं स्वतः लावलेलं ठिगळ. त्याला तिन्ही ओळखता आली. न ओळखायला काय झालं? चौदा वर्षं ही लुगडी या अंगणात वाळत होती. त्यानं हिरवं नाकाला लावलं आणि म्हातारी समोर येऊन बसल्यासारखी वाटली. त्याच्या गोष्टी गावात सगळे ऐकायचे, हसायचे आणि पाठ फिरली की थापाड्या म्हणायचे. बायनाबाई तोंडावरच म्हणायची. "जावई, आता खोटं पुरे. जेवा." पण ताट वाढता वाढता हळूच विचारायची, "मंग पुढं काय झालं त्या अस्वलाचं?"

"सासूबाई," नथ्थू गाठोड्याला म्हणाला, "वीस दिवसाचं काम आहे. झालं की परत ठेवतो."

त्यानं गाठोड्यात धानाची वाळकी तणस कोंबली, वरून फाटकं बारदान गुंडाळलं, बायकोच्या पद्धतीनं गाठ मारली आणि आड्याला टांगून दिलं. खालून पाहिलं तर काही फरक नव्हता.

लुगडी त्यानं जंगलाकडच्या धुऱ्यावर बांधली, जिथून कळप शिरायचा तिथंच. आणि काय सांगावं, त्या दिवसापासून डुकरं थांबली. सकाळी धुऱ्यापलीकडं खुरांचे ठसे असायचे. लुगड्यांपर्यंत यायचे, तिथं घोटाळायचे आणि माघारी फिरायचे. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. नथ्थूच्या म्हणण्याप्रमाणं सातव्या दिवशी एक मोठा सुळेवाला डुक्कर लुगड्यासमोर मान खाली घालून उभा होता आणि "येतो बाई" असं बोलून गेला.

"कोणती औषधी मारली गा?" मुखरूनं विचारलं.

"सांगतलं ना. माणसाचा वास."

"कोणत्या माणसाचा?"

"हाय एक जबरदस्त."

मुखरूनं लुगड्यांकडं पाहिलं, मग नथ्थूकडं. त्याच्या मनात काय आलं कोण जाणे. तो खर्रा चोळत निघून गेला.

नथ्थूनं एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ज्याची गोष्ट खरी निघाली आहे तो गप्प कसा बसणार? पानठेल्यावर त्यानं आपल्या युक्तीचं इतकं वर्णन केलं, की ते फिरत फिरत आशाबाईपर्यंत पोहोचलं. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "उद्या माही सुट्टी हाय. येतो मी शेतात. पाहू द्या तुमची राखण."

नथ्थूच्या हातातला घास हातातच राहिला. आणि मग तोंडातून जे निघालं ते त्यानं ठरवून काढलेलं नव्हतं. सवयीनं आलं.

"नको येऊ. वाघ फिरून राह्यला."

"कुठी?"

"नाल्यापाशी. आज पाह्यला मी. हा एवढा." एकदा वाघ निघाल्यावर त्याला थोडा तरी वाघ करावाच लागतो. "पाणी पेत होता. माह्याकडं पाह्यलं त्यानं, जांभई देल्ली, अन् पुन्हा पेत बसला."

दुसरी कोणती थाप असती तर आशाबाईनं विस्तव फुंकता फुंकताच उडवून लावली असती. पण या भागात वाघावर कोणी पैज लावत नाही. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गावातली एक बाई सरपण आणायला गेली ती आली नव्हती. आशाबाईचा हात तव्यावर थांबला. "अन् तुमी एकटेच जाता तिथी? काठी तं नेत जा. डोक्याच्या मागं मुखवटा बांधत जा, वाघ मागूनच येते." आणि ती पुढं जे म्हणाली ते नथ्थूला मुळीच ऐकवेना. "काही झालं तं मी काय करू वो?"

सकाळी बोरिंगवर वाघ एक होता. दुपारी त्याच्याबरोबर वाघीण आली. संध्याकाळी आशाबाईबरोबर कापणीला जाणाऱ्या सुकरीनं त्यात दोन पिल्लंही जोडली. आणि दुसऱ्या दिवसापासून एकही बाई त्या बाजूच्या शेतात कापणीला जाईना.

नाल्याकडच्या सगळ्या बांध्या पिकून उभ्या राहिल्या. नथ्थूच्या, मुखरूच्या, आणखी दहाजणांच्या. धान पिकल्यावर थांबत नाही, लोंब्या खाली वाकतात आणि दाणा चिखलात पडतो. लोक पंचायतीत गेले, पंचायतीतून फोन गेला, आणि वनखात्याकडं रोजंदारीवर असलेला वारलू मोटारसायकलवर दोन कॅमेरे घेऊन आला.

"नथ्थूभाऊ, नेमका कुठी पाह्यला?"

नथ्थूनं बोट दाखवलं. वारलूनं तिथली माती पाहिली, ठसा शोधला, डोकं खाजवलं. "ठसा तं दिसून नाई राह्यला."

"नाल्यातल्या गोट्यावरून गेला असन."

"एवढा मोठा वाघ, अन् सगळा गोट्यावरूनच गेला?" वारलू हसला, पण त्याला हसून चालणार नव्हतं. त्यानं एक कॅमेरा नाल्याच्या जांभळीला बांधला. दुसरा धुऱ्याजवळच्या मोहाला बांधला तेव्हा नथ्थू बैलांना पाणी पाजायला गेला होता.

त्याच आठवड्यात डुकरांनी बाजू बदलली. लुगड्यांची हद्द संपायची तिथून वळसा घालून कळप आत शिरला. नथ्थूनं सकाळी ते पाहिलं आणि सरळ लुगड्यांकडं गेला. तीन लुगडी अर्ध्या धुऱ्याला पुरत होती. मधोमध उभी फाडली तर पूर्ण धुऱ्याला पुरली असती.

हिरव्या लुगड्याचा काठ त्यानं दोनदा हातात घेतला आणि दोनदा सोडला, हे खरं आहे. मग मनाशी म्हणाला, गोधडीत तरी काय, शेवटी तुकडेच लागतात ना? आणि काठ दातात धरून ओढला. जुनं कापड. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. पदरापासून शेवटापर्यंत एका दमात गेलं. दुसरं गेलं. तिसरं ठिगळाशी अडलं, तिथं त्याला विळा लावावा लागला.

त्यानंतर दोन दिवस पाऊस आला. ऐन कापणीत, अवेळी, वाऱ्यासकट. पाऊस उघडल्यावर नथ्थू शेतात गेला, तर पट्ट्या खुंट्यांना ओल्या कातडीसारख्या चिकटल्या होत्या. त्यानं एक हुंगली. चिखल आणि पाणी. दुसरी हुंगली. बायनाबाई कुठंच नव्हती. बांधीत डुकरं येऊन गेली होती, पट्ट्या तुडवून, निवांत, घरच्यासारखी.

वारलू आला तो दिवस मावळायच्या आधी, बायांच्या पाणी भरायच्या वेळी. बोरिंगवर गर्दी होती. समोरच्या पानठेल्यावर नथ्थू बसला होता.

"फोटू काढून आणले बाई मी मोबाइलमधी," वारलू ओरडला. "या, पाहून घ्या एकदाचा तुमचा वाघ!"

बाया पाण्याच्या गुंड्या तिथंच ठेवून धावल्या. वारलूनं बोटानं फोटो सरकवायला सुरुवात केली. "हे डुकरं. हे डुकरं. ही सायाळ. हा मुखरूभाऊचा बैल, हा कायले गेल्ता तिथी? हे पुन्हा डुकरं. वाघ नाई, वाघीण नाई, पिल्लू नाई. अन् आता पाहा, पट्टेवाला भेटला मले!"

फोटोत नथ्थू होता, पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत. पाय फाकवून उभा, दात विचकलेले, दातात कापड, दोन्ही हात ताणलेले.

बायांना हसू आवरेना. "माय वो, खरंच वाघ हाय हा! पाहा कसा फाडून राह्यला!" सुकरी तर खालीच बसली. "आशाबाई, तुह्या घरी वाघ हाय वो! ये, पाहून घे."

आशाबाई हसतच आली. हसतच मोबाइल हातात घेतला. तिला जवळचं नीट दिसत नव्हतं म्हणून हात लांब धरला. वारलूनं दोन बोटांनी फोटो मोठा करून दिला, वाघाचं तोंड नीट दिसावं म्हणून. तोंड मोठं झालं. दात मोठे झाले. दातातला लाल काठ मोठा झाला.

नथ्थू पानठेल्यावरून पाहत होता. त्याला बायकोचा चेहरा दिसत होता. ती रडली नाही, ओरडली नाही. हसू मात्र एकदम गेलं नाही, ते बराच वेळ ओठांवरच राहिलं, जसं कोणी न्यायचं विसरलं असावं. तिनं मोबाइल वारलूला परत दिला. "चांगला आला फोटू," ती म्हणाली. गुंडी अर्धीच भरली होती, तशीच उचलून ती घरी गेली.

नथ्थू घरी पोहोचला तेव्हा गाठोडं जमिनीवर उघडं होतं. तणस सगळ्या घरभर.

"वाघ पाह्यला होता तुमी?" तिनं विचारलं.

"नाई."

"बरं."

आणखी काही विचारलं असतं तर त्याच्याकडं उत्तरं होती. वीस दिवसांचं सांगितलं असतं, परत ठेवणार होतो हे सांगितलं असतं. तिनं विचारलंच नाही. तणस झाडून गोळा केली आणि बैलाला घालून आली.

सकाळी ती विळा घेऊन निघाली. वाघ नाही म्हटल्यावर बाकीच्या बायाही निघाल्या. वाटेत नथ्थूला पाहून एकीनं डरकाळी फोडली, दुसरीनं "वाचवा गा" म्हणून पदर तोंडावर घेतला. नथ्थू खाली मान घालून चालत राहिला. धुऱ्यावर पोहोचल्यावर आशाबाईनं विळा खाली ठेवला आणि पट्ट्या सोडायला घेतल्या. गाठी पावसानं आवळल्या होत्या. ती दातांनी सोडवत होती. नथ्थू पुढं झाला.

"तुमी धान बांधा," ती म्हणाली.

सुकरीनं तिच्या हातातलं पाहिलं, लाल काठ ओळखला आणि तिची डरकाळी घशातच राहिली. मग हळूहळू सगळ्याच बाया गप्प झाल्या. दिवसभर त्या बांधीत फक्त विळ्यांचा आवाज होता. दाणा इतका सुटला होता, की पेंढी उचलली की खाली सडा पडायचा. नथ्थू मागून एकेक लोंबी वेचत होता. कंबर मोडून आली, तरी कोणी "बसा भाऊ" म्हणालं नाही. एरवी म्हणाले असते.

लुगडी तिनं नाल्यावर नेली आणि दगडावर धुतली. साबण लावून, आपटून. जांभळ्याचा रंग पाण्यात उतरला आणि वाहत गेला.

"धुवून काऊन राह्यली?" नथ्थूनं विचारलं. विचारल्यावर त्यालाच वाटलं, विचारलं नसतं तर बरं होतं.

"डुकराच्या लाळीवर लेकरू झोपवू?"

कापलेलं धान रचून पुंजण्यावर गेलं आणि आशाबाई शिवायला बसली. जमीन सारवून, वाळवून, तिनं सहा पट्ट्या एकाशेजारी एक मांडल्या. गोधडी अंथरायला दोन माणसं लागतात; एकानं या टोकाला धरायचं, दुसऱ्यानं त्या टोकाला, नाहीतर आतलं कापड गोळा होतं. तिनं नथ्थूला हाक मारली नाही. दारात तो उभा होता, त्याच्याकडं पाहून नुसतं दुसरं टोक पुढं सरकवलं. तो आला, बसला, ताणून धरलं. त्याच्या बाजूच्या पट्टीच्या कडेला त्याच्या दातांच्या खुणा होत्या. फाटलेल्या कडा आशाबाईनं आधी एकमेकींना जोडल्या. ते काम एरवी लागलंच नसतं. त्यातच तिचे चार दिवस गेले.

सुईत दोरा तिला ओवता येत नव्हता. तो ओवून द्यायचा. दिवसातून तीस-चाळीस वेळा सुई त्याच्याकडं यायची आणि परत जायची. बोलणं तेवढंच. तिसऱ्या दिवशी नथ्थूला ती शांतता सोसवेना. तो म्हणाला, "पण एक सांगू का वो? सासूबाईनं राखण जबरदस्त केली. डुक्कर लुगड्याच्या अलीकडं आला नाई."

तिची सुई थांबली.

"माह्या मायनं चवदा वर्ष तुमचं घर राखलं," ती म्हणाली. "पोरगी राखली. मेल्यावर तं सोडाचं होतं तिले."

आणि ती शिवत राहिली. बाहेरच्या कडेनं सुरुवात, मग आत, मग आणखी आत, चौकोनात चौकोन. वरून धुतलेली साडी, खालून धुतलेली साडी, मधी तीन धुतलेली लुगडी. टाके इतके बारीक घातले, की मुखरूची बायको पाहायला आली ती म्हणाली, अशी गोधडी आशाबाईनं आजवर शिवली नाही. आशाबाई म्हणाली, "तुकडे जास्त हायेत ना, म्हणून टाके जास्त."

दिव्यानी आली. वेळेवर नागभीडच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगा झाला, चौथ्या दिवशी घरी आली. आशाबाईनं खाटेवर गोधडी अंथरली आणि लेकराला त्यावर ठेवलं. दिव्यानी वाकली. लेकराच्या बाजूला तोंड नेऊन गोधडीत नाक खुपसलं. एकदा, मग दुसऱ्या बाजूनं एकदा. कोपरा उचलून एकदा.

"आई, आजीचा वास नाई येऊन राह्यला."

चुलीजवळ आशाबाई तेल कोमट करत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. "मी धुतली. तान्ह्या लेकराले न धुतलेलं कसं चालन?"

"तुले मी सांगतलं होतं ना!" दिव्यानीचे डोळे भरले. बाळंतिणीचे डोळे भरायला काही लागत नाही, पण हे तसे नव्हते. "एवढी एकच गोष्ट मागतली मी. तुले तेवढंबी ठेवता नाई आलं?"

"चुकलं माय माहं," आशाबाई म्हणाली.

नथ्थू दाराशी बसला होता. तो आयुष्यात खूप बोलला होता, पण पोटातून शब्द वर यायला इतका जोर लागतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

"तुह्या मायनं नाई केलं," तो म्हणाला. "मी केलं. लुगडी मी नेली. धानाले बांधली. डुकरासाठी."

दिव्यानीनं नाक पुसलं आणि बापाकडं पाहिलं.

"माणसाचा वास असला तं डुक्कर येत नाई, म्हणून आजीची लुगडी नेली. मले माहीत होतं आजीची हायेत म्हणून. तुह्या मायनं पाहू नये म्हणून मी वाघ हाय असं सांगतलं. मंग जंगलवाल्याईनं कॅमेरा लावला, अन् त्याच्यात मी सापडलो. दातानं फाडताना."

दिव्यानीच्या ओठांचा कोपरा हलला. ओल्या डोळ्यांतच हलला.

"खरं सांगून राह्यलो मी, बाई."

"हो ना." ती हसायला लागली. टाके दुखत होते म्हणून पोट धरून, हळूहळू. "बाबा, तुमी बी ना! मले हसवासाठी काहीही जोडता. आजीचं लुगडं पाहून डुक्कर पळाला म्हणे!"

"दिव्यानी, तुही शपथ."

"मुखरूकाकाच्या म्हशीची घ्या."

नथ्थूनं बायकोकडं पाहिलं. "सांग ना वो तिले."

आशाबाईनं तेलाची वाटी उचलली, खाटेजवळ आली, लेकराचं दुपटं सोडलं. तळहातावर तेल घेऊन त्याच्या छातीवर फिरवायला लागली, वरून खाली, वरून खाली. नथ्थू वाट पाहत होता. तिनं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा लेकराकडं.

"तुमीच सांगा," ती म्हणाली. "तुमची गोष्ट हाय."

त्यानं पुन्हा सुरुवातीपासून सांगितलं. एकही डुक्कर फुगवलं नाही, एकही शब्द जास्तीचा घातला नाही. पाट कुठं ठेवला ते सांगितलं, तणस सांगितली, हिरवं आधी फाडलं आणि चौकड्याचं ठिगळाशी अडलं तेही सांगितलं. दिव्यानी गालाला हात लावून ऐकत होती, लहानपणी ऐकायची तशी, आणि मधूनमधून खुसखुसत होती.

"मंग पुढं?" ती म्हणाली. "पुढं काय झालं?"

"पुढं पाऊस आला," नथ्थू म्हणाला.

दिव्यानी लेकराकडं वाकली. तेलानं चमकणारी त्याची मूठ बोटात धरली. "ऐकून राह्यला का रे सोन्या? हा तुहा आबा. हा जे सांगन ते सगळं ऐकाचं, हसाचं," ती लाडानं म्हणाली, "अन् एकबी खरं मानाचं नाई."